‘ओसाड चर्च’ नावाची सोयीची गोष्ट : कुकमचे प्रार्थनागृह आणि स्टॅन्ली स्पेन्सर

१/ समाजमाध्यमांवर एक छायाचित्र निरनिराळ्या वेषांत सतत फिरत असते. युरोपातले एखादे जुने चर्च, आत पुस्तकांचे दुकान, उपाहारगृह किंवा संग्रहालय, आणि खाली एक ओळ : देव गेला, तिकीटखिडकी आली. मराठीतही हे चित्र दोन गटांत आवडीने वाटले जाते. एकाला त्यात परक्या धर्माचा पराभव दिसतो आणि आनंद होतो. दुसऱ्याला विवेकाचा विजय दिसतो आणि त्यालाही आनंदच होतो. ती इमारत कोणती, कोणी बांधली, कधी सोडली आणि का सोडली, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही. (धागा)

२/ इंग्लंडमधील बर्कशायरमध्ये थेम्स नदीच्या काठी कुकम नावाचे गाव आहे. गावाच्या मुख्य रस्त्यावर, म्हणजे हाय स्ट्रीटवर, एक लहानसे जुने वेस्लियन प्रार्थनागृह उभे आहे. ते १८४६ मध्ये बांधले गेले. १९६२ पासून तेथे चित्रकार स्टॅन्ली स्पेन्सर याचे संग्रहालय आहे. स्पेन्सर याच रस्त्यावरच्या ‘फर्नली’ नावाच्या घरात ३० जून १८९१ रोजी जन्मला आणि आयुष्याचा बराच काळ याच गावात राहिला.

३/ १८४६ आणि १९६२ या दोन सनांमधली जागा ‘श्रद्धा आटली’ एवढ्या दोन शब्दांनी भरून काढणे फार सोपे आहे. ओळ छायाचित्राखाली शोभूनही दिसते. दोष इतकाच, की ती खोटी आहे.

४/ आधी इमारतीचा प्रकार समजून घेतला पाहिजे. ‘चर्च’ या एकाच शब्दात मराठी वाचक कॅथेड्रलपासून खेड्यातल्या चॅपेलपर्यंत सर्व काही कोंबतो. वेस्लियन प्रार्थनागृह हे गॉथिक शिखरांचे, संतांच्या अवशेषांवर उभारलेले मंदिर नव्हे. जॉन वेस्ली हा अँग्लिकन धर्मगुरू होता. १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळ कोळशाच्या खाणींतील मजुरांपुढे तो उघड्या माळावर प्रवचने देऊ लागला. त्याच्या अनुयायांना छप्पर हवे होते ते पावसासाठी आणि माणसे एकत्र बसावीत म्हणून.

५/ म्हणून अशा इमारतीत प्रवचनाचे व्यासपीठ, बाके आणि उजेड एवढेच महत्त्वाचे. गर्भगृह असलेल्या देवळापेक्षा कीर्तनाला मंडळी जमतात त्या ओसरीशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. पावित्र्य जमलेल्या मंडळींत असते, विटांत नसते, ही त्या पंथाची धारणाच आहे. मंडळी उठून दुसऱ्या छपराखाली गेली, की मागे उरते ती एक खोली. तिच्यात पुढे वाचनालय आले काय किंवा चित्रे आली काय, ज्यांनी ती बांधली त्यांच्या लेखी भ्रष्ट होण्यासारखे तिच्यात काही नव्हतेच.

६/ कुकममध्ये नेमके हेच झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीच गावातल्या मेथडिस्टांनी आपले बस्तान नव्या इमारतीत हलवले आणि हाय स्ट्रीटवरची जुनी वास्तू गावच्या सार्वजनिक उपयोगात आली. संग्रहालय तेथे आले ते त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने. चित्रांनी प्रार्थनेला हुसकावून लावले नाही. प्रार्थना आपल्या पायांनी, नव्या जागेच्या ओढीने बाहेर पडली होती.

७/ हा अपवाद आहे का? मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनने धर्माच्या नावाने गरजेपेक्षा जास्त बांधले. ३० मार्च १८५१ या रविवारी इंग्लंड-वेल्समध्ये उपासनेची सरकारी गणना झाली. लोकसंख्या सुमारे १ कोटी ७९ लाख होती आणि प्रार्थनास्थळांतील बैठका सुमारे १ कोटी २ लाख. त्यानंतरही पंथापंथांतल्या चढाओढीत बांधकामे चालूच राहिली. एकाच गावात वेस्लियनांचे एक, ‘प्रिमिटिव्ह’ मेथडिस्टांचे दुसरे, बॅप्टिस्टांचे तिसरे आणि पॅरिशचे जुने चर्च चौथे, असे दृश्य सर्रास दिसे.

८/ १९३२ मध्ये ब्रिटनमधील मेथडिस्टांचे तीन मोठे गट पुन्हा एक झाले. भांडण मिटले, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्याबरोबर असंख्य गावांत एकाच मंडळींची दोन-दोन, तीन-तीन प्रार्थनागृहे उरली. त्यांतली काही विकली गेली, काहींची गोदामे झाली, काहींची घरे. रिकामी इमारत दिसली की श्रद्धेचा मृत्युदाखला लिहायला बसणाऱ्यांनी हा समेटही कधीतरी हिशेबात धरावा.

९/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये चर्चला जाणाऱ्यांची संख्या घटली, हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. अँग्लिकन चर्चला आपल्या निरुपयोगी ठरलेल्या वास्तूंसाठी १९६८ मध्ये स्वतंत्र कायदेशीर व्यवस्था करावी लागली. आक्षेप या घटीवर नाही. एका कारणाने सगळ्या इमारती समजावून सांगण्याच्या आळसावर आहे. कुकमचे संग्रहालय त्या व्यवस्थेच्या सहा वर्षे आधीचे, आणि तिथला रिकामेपणा तर त्याहूनही कितीतरी जुना.

१०/ शिवाय इमारती नेहमी भक्तांनीच सोडलेल्या असतात असेही नाही. फ्रान्समध्ये १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली आणि तुलूझमधील ऑगस्टिनियनांच्या मठात १७९५ मध्येच संग्रहालय उघडले. गोव्यात पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, म्हणून जुन्या गोव्यातील सांता मोनिकाचा जोगिणींचा मठ ओस पडत गेला. आज त्याच वास्तूत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तेथे श्रद्धा आटली होती असे म्हणण्याचे धाडस त्या परिसरातली फेस्ताची गर्दी पाहिलेला माणूस करणार नाही.

११/ आता चित्रकाराकडे वळू, कारण या प्रकरणातील खरी विसंगती तेथे आहे. स्पेन्सरचे वडील संगीतशिक्षक आणि चर्चमधले ऑर्गनवादक. आई मात्र मेथडिस्टांच्या प्रार्थनागृहात जाई आणि धाकट्या स्टॅन्लीला बरोबर नेई. ज्या खोलीत आज त्याची चित्रे टांगलेली आहेत, तिथल्या बाकावर तो लहानपणी आईशेजारी बसलेला आहे. ‘धर्माची जागा कलेने घेतली’ या वाक्यात ज्या कलेचा उल्लेख होतो, ती कला याच खोलीत वाढली होती.

१२/ १९०८ ते १९१२ या काळात तो लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकला. गावाची त्याला इतकी ओढ, की सहाध्यायी त्याला ‘कुकम’ याच नावाने हाक मारू लागले. मार्क गर्टलर, नेव्हिन्सन, डोरा कॅरिंग्टन ही त्या वर्गांतली मंडळी. बहुतेकांची नजर पॅरिसकडे लागलेली. हा मात्र संध्याकाळी आगगाडी पकडून घरी.

१३/ त्याने काय रंगवले ते पाहिले पाहिजे. १९२० च्या ‘क्राइस्ट कॅरिंग द क्रॉस’मध्ये क्रूस वाहणारा ख्रिस्त फर्नलीच्या दारावरून जातो आहे. खिडक्यांतून शेजारी वाकून पाहताहेत आणि वाऱ्याने उडणारे पडदे त्यांच्या खांद्यांमागे पंखांसारखे दिसताहेत. सुतारकाम करणारे गडी शिड्या घेऊन त्याच वाटेने चालले आहेत. त्याच वर्षीचे ‘द लास्ट सपर’ कुकमच्या माल्ट तयार करण्याच्या इमारतीत घडते : मागे लाल विटांची भिंत, मेजाखाली शिष्यांच्या आडव्या पसरलेल्या पावलांच्या दोन रांगा. हे दुसरे चित्र आज या प्रार्थनागृहाच्या संग्रहात आहे.

१४/ आणि ‘द रिझरेक्शन, कुकम’. १९२४ ते १९२७ या काळात रंगवलेला साडेपाच मीटर रुंदीचा कॅनव्हास. अंतिम निवाड्याचा दिवस उजाडला आहे, पण कर्णे नाहीत, ज्वाळा नाहीत, नरकही नाही. कुकमच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारातली माणसे, झोप पुरी झाल्यासारखी, आपापल्या थडग्यांतून सावकाश उठताहेत. कोणी शेजारच्या शिळेवरचा मजकूर वाचते आहे, कोणी कपडे झटकते आहे. मागे थेम्सवर सहलीच्या होड्या. चित्रात हिल्डा आहे, स्वतः स्पेन्सर आहे, तोही नग्न. हे चित्र १९२७ मध्ये टेटच्या संग्रहात गेले आणि आजही तेथे आहे.

१५/ या माणसाने धर्माला रामराम ठोकला होता, असे या चित्रांसमोर उभे राहून कोणी म्हणू शकेल का? त्याने उलट काम केले. देव चर्चच्या चार भिंतींत राहतो आणि रस्त्यावर व्यवहार, ही वाटणी त्याने अमान्य केली. संतांच्या चरित्रात भाकरी, वाकळ आणि अंगण शोधणाऱ्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये. जनाबाईबरोबर दळणारा विठोबा ज्याला ठाऊक आहे, त्याला कुकमच्या गल्लीतून जाणारा ख्रिस्त समजावून सांगावा लागत नाही.

१६/ युद्धानेही त्याची ही दृष्टी मोडली नाही, फक्त खोल केली. १९१५ मध्ये तो ब्रिस्टलच्या बोफर्ट रुग्णालयात परिचारक म्हणून रुजू झाला. ती इमारत मुळात मनोरुग्णालयाची होती. युद्धासाठी तिचे लष्करी रुग्णालय झाले होते. पुढे मॅसिडोनियाची आघाडी. भाऊ सिडनी १९१८ मध्ये मारला गेला. युद्धापूर्वी अर्धवट सोडलेले ‘स्वान अपिंग’चे चित्र त्याने परत आल्यावर, १९१९ मध्ये पुरे केले.

१७/ त्या अनुभवातून हॅम्पशायरमधील बर्गक्लेअर येथील सँडम स्मारक चॅपेल उभे राहिले. बेहरेंड दांपत्याने ते युद्धानंतर मरण पावलेल्या एका नातलगाच्या स्मरणार्थ बांधवले. स्पेन्सरने १९२७ ते १९३२ अशी वर्षे तेथे घालवली. वेदीमागच्या भिंतीवर मेलेले सैनिक उठून आपापले पांढरे क्रूस ख्रिस्ताकडे परत करताहेत, जणू कोठारात सामान जमा करावे. बाजूच्या भिंतींवर फरशी घासणे, अंथरुणे घालणे, चहा आणि जॅम लावलेला पाव. लढाई एकाही चित्रात नाही.

१८/ आता गंमत पाहा. कुकममध्ये आधी प्रार्थनागृह होते आणि नंतर चित्रे आली. लगेच ‘धर्म संपला’. बर्गक्लेअरमध्ये आधी चित्रांची कल्पना होती आणि तिच्यासाठी चॅपेल बांधले गेले. तरी ‘कला शरण गेली’ असे कोणी लिहीत नाही. ते चॅपेल १९४७ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि प्रेक्षक तेथेही येतातच. एकाच चित्रकाराच्या दोन वास्तूंबद्दल दोन न्याय. कारण एवढेच, की एका वास्तूवर लोकप्रिय ओळ बसते आणि दुसरीवर बसत नाही.

१९/ स्पेन्सरच्या मनात आणखी एक वास्तू होती. तिला तो ‘चर्च-हाउस’ म्हणे. चर्च आणि घर यांच्यातली भिंत पाडून उभारलेली, त्याच्या सगळ्या चित्रांची एकच इमारत. कुकमचा मुख्य रस्ता हा तिचा मधला मंडप, रस्त्यामागून वाहणारी नदी हा बाजूचा. आयुष्यात भेटलेल्या व्यक्तींसाठी, त्यांत घरकाम करणाऱ्या एल्सीसाठीसुद्धा, स्वतंत्र दालने. ही योजना त्याने अनेक वर्षे मनात व कागदावर वाढवली, तिच्यासाठी चित्रेही काढली. इमारत मात्र कधीच उभी राहिली नाही.

२०/ का नाही राहिली, हा प्रश्न ‘ओसाड चर्च’वाल्यांना सुचत नाही, आणि तोच विचारण्याजोगा आहे. पैसा नव्हता हे एक कारण. दुसरे असे, की ज्यांनी आश्रय द्यायचा त्यांनाच त्याची ही सरमिसळ पचत नव्हती. १९३५ मध्ये रॉयल अकॅडमीने त्याची दोन चित्रे प्रदर्शनासाठी नाकारली. एक ‘सेंट फ्रान्सिस अँड द बर्ड्‌स’. त्यातला स्थूल, सपाता घातलेला संत त्याच्या वृद्ध वडिलांवरून उतरला होता. दुसरे ‘द डस्टमन’. त्यात कचरा उचलणाऱ्या माणसाला त्याची बायको कडेवर घेते आणि बाकीचे त्याला कचऱ्यातली किटली, जॅमचा डबा, कोबीची पाने अर्पण करतात. स्पेन्सरने अकॅडमीचा राजीनामा दिला.

२१/ ही चित्रे नास्तिकांनी नाकारली नाहीत. ती सभ्य, चर्चला जाणाऱ्या, रविवारचे कपडे जपणाऱ्या इंग्लंडच्या अभिरुचीने नाकारली. १९५० मध्ये तर अकॅडमीचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड मनिंग्ज यांनी त्याच्या खासगी रेखाटनांवर अश्लीलतेचा खटला व्हावा असा खटाटोप केला. तो तडीस गेला नाही. त्याच वर्षी अकॅडमीने त्याला सन्मानाने परत घेतले आणि १९५९ मध्ये तो ‘सर’ झाला. संस्थांची स्मृती किती लवचिक असते, ते पाहण्यासारखे आहे.

२२/ संग्रहालयाची बाजू घेताना त्याच्या भक्तांनाही दोन शब्द सुनावणे आवश्यक आहे. त्या खोलीत एक जुनी बाबागाडी जपून ठेवलेली आहे. स्पेन्सर चित्रफलक, रंग आणि छत्री तिच्यात घालून ती गावभर ढकलत नेई. पर्यटकांना ती फार आवडते. तिच्याभोवती एक गोड म्हातारा तयार होतो : विक्षिप्त, निरागस, गावचा लाडका. ही प्रतिमा ‘देव गेला’ या ओळीइतकीच सोयीची आणि तितकीच अपुरी आहे.

२३/ कारण हाच तो माणूस, ज्याने १९३७ मध्ये हिल्डा कार्लाइनशी घटस्फोट झाल्यावर आठवड्याच्या आत पॅट्रिशिया प्रीसशी लग्न केले, राहते घर तिच्या नावे केले आणि ज्याला त्या लग्नात संसार म्हणून काहीच मिळाले नाही. हिल्डा स्वतः चित्रकार होती. दोन मुली, मोडलेला संसार आणि आजार यांत तिची चित्रकला मागे पडली. स्पेन्सर तिला घटस्फोटानंतरही लांबच लांब पत्रे लिहीत राहिला. १९५० मध्ये ती वारली, तरीही लिहीत राहिला. या पत्रव्यवहारात पश्चात्ताप किती आणि स्वतःचेच कौतुक किती, हे ठरवणे सोपे नाही.

२४/ त्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याने स्वतःचे व पॅट्रिशियाचे नग्न चित्र रंगवले. शेजारी कच्च्या मटणाची तंगडी आणि पेटलेला स्टोव्ह. मांस, मांसच, कुठे लपवाछपवी नाही. हे चित्र टेटकडे आहे. कुकमच्या चिमुकल्या खोलीत बाबागाडीच्या आठवणींनी रमलेल्या प्रेक्षकाने हेही पाहावे. जो या चित्राला बाजूला सारून थडग्यांतून उठणारी सालस माणसे तेवढी उचलतो, तो अकॅडमीच्या निवड समितीचेच काम नव्वद वर्षांनी पुढे चालवतो. स्पेन्सरच्या ‘चर्च-हाउस’मध्ये हे दोन्ही एकाच छपराखाली असणार होते.

२५/ म्हणून कुकमच्या त्या खोलीकडे पाहताना खरी हळहळ वाटायची असेल, तर ती वेगळ्याच गोष्टीची वाटावी. ज्याला आपली सगळी चित्रे एका इमारतीत हवी होती, त्याची चित्रे विखुरली गेली : काही टेटमध्ये, ‘द डस्टमन’ न्यूकॅसलला, दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोजवळच्या गोदीत काढलेली जहाजबांधणीची चित्रे युद्धसंग्रहालयात. जन्मगावाच्या वाट्याला आली ती एक छोटी खोली. २००७ च्या नूतनीकरणात तिच्यात एक माळा घालून थोडी जागा वाढवली, तीही फारशी नाही. संग्रहालयाचा दैनंदिन कारभार मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवक सांभाळतात. प्रार्थनागृहाची व्यवस्था पाहणारी मंडळीही पूर्वी गावचीच असत.

२६/ या खोलीत अडचण करून बसलेले सर्वांत मोठे चित्र अपुरे आहे : ‘क्राइस्ट प्रीचिंग अ‍ॅट कुकम रिगाटा’. गावच्या होड्यांच्या शर्यतीचा दिवस. तराफ्यात वेताच्या खुर्चीवर बसलेला ख्रिस्त, डोक्यावर पेंढ्याची काळी टोपी, पुढे झुकून श्रोत्यांशी तावातावाने बोलतो आहे. कॅनव्हासचा काही भाग रंगलेला, उरलेल्या भागात पेन्सिलीच्या रेषा. १४ डिसेंबर १९५९ रोजी स्पेन्सर वारला, तोवर हे काम चालू होते. ज्या खोलीत एकेकाळी वेस्लीचे अनुयायी प्रवचन ऐकत, तिच्यात आज प्रवचन देणारा ख्रिस्त आहे. छायाचित्र काढणाऱ्याला आत येऊन तो पाहण्याइतकी सवड नसते, हा भाग वेगळा.

२७/ आणि सवड असेलच, तर त्याने तसेच पुढे चालत जावे. थोड्याच अंतरावर होली ट्रिनिटी आहे : बाराव्या शतकापासूनचे चर्च, ‘रिझरेक्शन’मधले आवार तेच. स्पेन्सरच्या रक्षेवरची शिळा त्याच आवारात आहे. तेथे आजही दर रविवारी उपासना होते. त्या दाराचे छायाचित्र सहसा कोणी टाकत नाही.